उमेदवार आपली, म्हणून हिशेब आधी तिचा
(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



ग्रामपंचायतीच्या निवडणुका जवळ आल्या की आपल्या गटांचा भाव एकदम वाढतो. एरवी बैठकीला समाजमंदिराची किल्ली द्यायला कां-कू करणारे स्वतः सतरंज्या घालून देतात. हळदीकुंकू होतात, वाण म्हणून डबे, साड्या वाटल्या जातात. हे आपल्याला नवीन नाही आणि याला काय उत्तर द्यायचं हेही आपल्याला कळतं.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. ‘पंचायतीतला भ्रष्टाचार संपवीन’ असं म्हणत एखादी बाई उभी राहते. कधी ती आपल्याच गटातली असते. ती म्हणते, ‘ताई, तुमच्या बाया माझ्या सभेला आणा.’ तेव्हा आपण काय करायचं? संघटना म्हणून पाठिंबा द्यायचा, की ‘आम्ही राजकारणात पडत नाही’ म्हणून बाजूला व्हायचं?

आधी भ्रष्टाचार म्हणजे आपल्यासाठी काय, ते बघू. वर्तमानपत्रात कोट्यवधींचे आकडे येतात. आपल्या बायांना तो भेटतो रेशनच्या दुकानात, मस्टरवर, घरकुलाच्या यादीत, विधवा पेन्शनच्या अर्जावर. एक गोष्ट आपण मोठ्याने बोलत नाही, ती आज बोलू या. बाईची अडवणूक करणारा दर वेळी पैसेच मागतो असं नाही. दाखल्यासाठी ‘संध्याकाळी घरी या’ असं सांगितलं जातं तीही लाचच आहे, आणि तिची पावती कुठेच नसते. त्यामुळे भ्रष्टाचार हा पुरुष पुढाऱ्यांच्या भाषणाचा विषय म्हणून सोडून देता येणार नाही. तो स्त्रियांचा प्रश्न आहे.

आता राजस्थानकडे वळते. अजमेर जिल्ह्यातलं हरमाडा गाव. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मदनगंज-हरमाडा रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं. मजुरीचा किमान दर होता दिवसाला 7 रुपये, आणि हातात पडायचे त्याहून कमी. युक्ती साधी होती. काम मोजायचं टोळीचं आणि मजुरी वाटायची सगळ्यांना सारखी, म्हणजे कोणी किती खोदलं ते कळतच नाही. त्या मजुरांत बायाच पुष्कळ होत्या. त्यांच्यातली एक दलित मजूर बाई नौरती पुढे आली, बायांना घेऊन उभी राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1983 साली न्यायालयाने सांगितलं की दुष्काळी काम असलं तरी किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणं म्हणजे घटनेच्या कलम 23 ने बंदी घातलेली वेठबिगारीच आहे.

पुढे 1990 मध्ये त्याच राज्यात मजूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. तिने 1994 च्या डिसेंबरात कोट किराना इथे पहिली जनसुनवाई घेतली. जनसुनवाई म्हणजे काय? मस्टर आणि बिलं मिळवायची आणि गावासमोर मोठ्याने वाचायची. नाव वाचलं की लोक सांगायचे, हा माणूस कधी कामावर आलाच नाही. कागदावर पूर्ण झालेल्या इमारती प्रत्यक्षात अर्धवट उभ्या होत्या. ज्यांना अक्षर येत नव्हतं अशा बाया पटापट चोरी पकडत होत्या, कारण कामावर कोण होतं हे त्यांना सरकारी कागदापेक्षा जास्त ठाऊक होतं. 1996 साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा तिथलीच. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा अशा मजुरांच्या लढ्यातून आला आहे, हे आपण विसरू नये.

आता उमेदवारीचं. या संघटनेतही ‘निवडणुकीत उतरायचं का’ यावर वाद होता. पुढे 2000 च्या पंचायत निवडणुकीत त्यांचे लोक उभे राहिले, काही हरले, काही निवडूनही आले. संघटना मात्र पंचायतीबाहेर राहून सगळ्यांचा हिशेब मागत राहिली. नौरतीबाई 2010 मध्ये हरमाड्याच्या सरपंच झाल्या. शाळेचं शिक्षण नव्हतं, पण प्रौढ वयात त्या अक्षर शिकल्या, संगणक शिकल्या. त्यामुळे पंचायतीचे कागद वाचण्यासाठी त्यांना कोणाच्या नवऱ्यावर, पुतण्यावर अवलंबून राहावं लागलं नाही.

पुढचं ऐका. डिसेंबर 2014 मध्ये राजस्थान सरकारने वटहुकूम काढला. सरपंच व्हायचं तर आठवी पास हवं, आदिवासी क्षेत्रात पाचवी. एका फटक्यात नौरतीबाई आणि त्यांच्यासारख्या हजारो बाया उमेदवारीतून बाद झाल्या. त्यांनी याला न्यायालयात आव्हानही दिलं. हरयाणाचा असाच कायदा 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. राजस्थानात ही अट 2019 मध्ये रद्द झाली, पण मधली निवडणूक हातची गेलीच. शिकलेला माणूस हिशेबात चोख असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक विचार करावा. त्या मस्टरवर खोटी नावं लिहिणारे सगळे लिहितावाचता येणारेच होते!

आपल्याकडेही ही परंपरा आहे. गोरेगावच्या मृणालताई गोरे आधी पाण्याच्या प्रश्नावर बायांबरोबर उभ्या राहिल्या. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या, 1972 मध्ये विधानसभेत गेल्या, 1977 मध्ये लोकसभेत. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी दिलं. प्रश्न आधी, उमेदवारी नंतर, हा क्रम इथे महत्त्वाचा आहे. भ्रष्टाचाराविरुद्ध बोलणाऱ्या उमेदवाराला आपण पहिला प्रश्न हाच विचारायचा. बाई, निवडणूक लागायच्या आधी तुम्ही कोणतं मस्टर बघितलंत? किती ग्रामसभांना आलात?

1993 पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. म्हणजे चेकवर सही करणारा हात पुष्कळदा बाईचा आहे. कारभार नवरा बघतो, सही ती करते, आणि चौकशी लागली की नोटीस तिच्या नावाने येते. म्हणून आपल्या मैत्रिणीला उभं करताना फक्त हार घालून चालणार नाही. कोऱ्या चेकवर, न वाचलेल्या ठरावावर सही करायची नाही, हे तिला शिकवणं आणि त्या वेळी तिच्या शेजारी बसणं ही आपली जबाबदारी आहे. ती ठाम राहिली की तिच्या चारित्र्यावर बोललं जाईल, अविश्वास ठराव येईल. तेव्हा तिच्या दारात कोण जाणार, हेही आजच ठरवायला हवं.

माझं मत सांगते. संघटनेने आपलं नाव, आपला फलक कोणाच्या प्रचाराला देऊ नये. एकेकीने वैयक्तिक प्रचार जरूर करावा. पण संघटनेने प्रत्येक उमेदवाराला बायांसमोर बोलवावं आणि चार गोष्टी कबूल करून घ्याव्यात. एक, प्रचाराचा खर्च उघड सांगेन आणि दारू वाटणार नाही. दोन, प्रत्येक कामाचं बिल, मस्टर आणि घरकुलाची यादी फलकावर लावीन. तीन, ग्रामसभेआधीची महिलांची सभा कागदावर न उरकता खरोखर घेईन. चार, सहा महिन्यांनी याच जागी येऊन हिशेब देईन. ती निवडून आली आणि आली नाही, तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अर्ज करायचा. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अपील करायचं. ती आपली मैत्रीण असली तरी!

काही जणींना हे कोरडं वाटेल. ‘इतक्या वर्षांनी आपली बाई उभी राहिली आणि तिलाच आपण अटी घालायच्या?’ असं त्या म्हणतील. या भावनेत तथ्य आहे. पुरुष उमेदवाराला कोणी विचारत नाही आणि बाईची मात्र परीक्षा, हे होता कामा नये. म्हणून अटी सगळ्यांना सारख्या. पण आपली म्हणून तिला सूट दिली, तर उद्या दुसऱ्यांकडे हिशेब मागताना आपलं तोंड बंद होईल, आणि तीही एकटी पडेल. उघड्यावर मांडलेला हिशेब हाच तिच्यावरच्या खोट्या आरोपांविरुद्धचा तिचा मोठा आधार असतो.

दुपारच्या गटचर्चेत तीन कामं करू या. आपापल्या गावात गेल्या वर्षात झालेलं एक काम निवडा, त्याचे कोणते कागद मागायचे ते लिहा, आणि अर्ज कोण करणार तिचं नाव ठरवा. उमेदवार अजून ठरली नसेल तरी चालेल. अर्ज आजच लिहिता येतो.