देशाचा आकडा आणि आपल्या दारचा डबा

तव्यावर भाकरी असेल तर भाकरीकडं बघा, कान तेवढा इकडं असू द्या.

दर महिन्याच्या अखेरीला बातम्यांत एक वाक्य असतं. देशात या महिन्यात सरासरीपेक्षा इतके टक्के कमी पाऊस झाला, किंवा तापमान सरासरीपेक्षा इतकं जास्त राहिलं. आपण ऐकतो नि सोडून देतो. मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका काकूंनी विचारलं, "ही सरासरी पडते तरी कुठं गं? आमच्या शिवारात तर कधी दिसली नाही." सगळ्या हसल्या. पण प्रश्न बरोबर होता, म्हणून आज त्यावरच बोलते.

देशभर ठिकठिकाणी पर्जन्यमापक आहेत. रोज सकाळी साडेआठला मागच्या 24 तासांचा पाऊस मोजतात. त्याची महिन्याची बेरीज होते, सगळ्या देशाचा मिळून एक आकडा काढतात. मग तो जुन्या आकड्याशी ताडून बघतात. पावसासाठी हवामान खातं सध्या 1971 ते 2020 या 50 वर्षांची सरासरी धरतं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची ती सरासरी 868.6 मिलिमीटर, म्हणजे साधारण 87 सेंटिमीटर आहे. गेल्या साली जास्त की कमी, असं ते बघत नाहीत. 50 वर्षांच्या मानानं बघतात.

आता 2023 सालचा ऑगस्ट आठवा. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. दोन श्रावण, आणि तरी आभाळ कोरडं. ऑगस्टमध्ये देशात सरासरीनं 254.9 मिलिमीटर पाऊस पडतो. त्या साली पडला 162.7. वजाबाकी करा, 92.2 कमी. त्याला 254.9 नं भागून शंभरनं गुणलं की 36 येतात. म्हणजे 36 टक्के तूट. 1901 पासूनच्या नोंदीत एवढा कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. प्रशांत महासागराचं पाणी तापलं की एल निनो म्हणतात, तो त्या वर्षी होता. ऑगस्टमध्ये त्यानं आपला पाऊस अडवला.

टक्के डोक्यात शिरत नसतील तर पाण्यात मोजू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. एका गुंठ्यावर साधारण 100 लिटर, एका एकरावर चार हजार लिटरच्या वर. मग 92 मिलिमीटर कमी म्हणजे एकरामागं 10 हजार लिटरचे 37 टँकर आलेच नाहीत. आणि ही देशाची सरासरी झाली. आपल्याकडच्या कित्येक गावांत त्याहून वाईट होतं.

आता गंमत बघा. गंमत कसली म्हणा. त्याच वर्षी जूनमध्ये सरासरीच्या 91 टक्के पाऊस झाला, जुलैत 113 टक्के, ऑगस्टमध्ये 64 आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा 113. चारी महिन्यांची बेरीज 820 मिलिमीटर, म्हणजे सरासरीच्या 94 टक्के. नुसती बेरीज ऐकणारा म्हणेल, सहाच टक्के तर कमी आहे. पण महिन्याचं मीठ एकाच दिवशी आमटीत घातलं आणि बाकीचे दिवस अळणी जेवलं, तरी मिठाचा हिशेब बरोबरच येतो. सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलात होतं. फुलं गळाली, शेंगा लागल्या त्या भरल्या नाहीत. सप्टेंबरच्या पावसानं विहिरीला थोडं पाणी आलं, गळलेली फुलं परत आली नाहीत.

अजून एक. खात्याच्या नकाशात मराठवाडा हा एक विभाग, मध्य महाराष्ट्र हा दुसरा. विभागाचा पाऊस सरासरीपेक्षा 19 टक्क्यांपर्यंत कमी असो की जास्त, त्याला 'सर्वसाधारण' म्हणतात. 2023 च्या हंगामात हे दोन्ही विभाग सर्वसाधारणच्या रकान्यात बसले. आणि त्याच सालच्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यात खोटं कुणीच बोललं नाही. आकडा जितका मोठ्या मुलखाचा, तितकं त्यात आपलं गाव दिसेनासं होतं.

आमच्या गावचं सांगते. त्या ऑगस्टमध्ये, सलग 21 दिवसांपेक्षा जास्त खंड पडलेल्या महसूल मंडळांत पीकविम्याची आगाऊ रक्कम मिळणार, असं सगळीकडं बोललं जात होतं. आम्ही दिवस मोजत होतो. पण पाऊस मोजायचं यंत्र मंडळाच्या गावी, आमच्यापासून आठ किलोमीटरवर. तिकडं मधेच एक सर पडून गेली. आमच्याकडं रस्त्याची धूळसुद्धा भिजली नाही, पण कागदावर खंड मोडला. आम्ही पाच-सहा जणी कार्यालयात गेलो. तिथले साहेब तसे सभ्य होते. म्हणाले, "ताई, तुमचं खरं असेल, पण तुमच्याकडं नोंद काय आहे?" आमच्याकडं आठवण होती. नोंद नव्हती.

परत येताना जीपमध्ये कुणी बोललं नाही. पुढच्या जूनपासून मात्र आम्ही डबा ठेवला.

तो कसा ठेवायचा ते नीट ऐका. डबा सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा हवा. घागर, कळशी चालत नाही, त्यांना पोट असतं. तोंड लहान की मोठं यानं फरक पडत नाही, तोंड आणि बूड सारखं पाहिजे. झाडाखाली, वळचणीला ठेवू नका. उघड्यावर, हातभर उंच ओट्यावर ठेवा, म्हणजे जमिनीवरचं पाणी उडून आत जाणार नाही. वाऱ्यानं पडू नये म्हणून भोवती विटा लावा. सकाळी साडेआठला पोरांच्या पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजा. पट्टीचा शून्य टोकाला नसतो, थोडा आत असतो. तेवढं वाढवून धरायला विसरू नका, आम्ही पहिला महिनाभर विसरलो होतो. मोजलं की डबा ओता, वहीत लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. रिकामा रकाना ठेवला तर पाऊस नव्हता की बाई माहेरी गेली होती, ते कळत नाही.

ही वही सरकारदरबारी पुरावा म्हणून चालत नाही, हे आधीच सांगते. तिथं मंडळाचंच यंत्र धरतात. 24 तासांत 65 मिलिमीटर झाले की अतिवृष्टी, तेही त्याच यंत्रावरचे. पण ग्रामसभेत तारीखवार आकडे वाचून दाखवले की समोरचा ऐकतो. आणि पेरणीला तर वहीचा मोठा उपयोग झाला. कृषी खातं सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पूर्वी दोन सरी झाल्या की घरातली माणसं पाभर काढायची. आता आमच्या जाऊबाई वही पुढं करतात, "अजून चाळीसच झालाय, थांबा."

'जास्त' म्हणजे चांगलं असंही नाही. 2025 च्या मे महिन्यात देशात 126.7 मिलिमीटर पाऊस झाला, सरासरीच्या दुपटीहून जास्त. 1901 पासूनचा सगळ्यात ओला मे. ज्यांचा कांदा शेतात काढून पडला होता त्यांना विचारा तो पाऊस कसा वाटला.

तापमानाचंही थोडं सांगते. 2025 चा फेब्रुवारी 1901 पासूनचा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी ठरला, सरासरीपेक्षा 1.34 अंशांनी जास्त. सव्वा अंशानं काय होतं, असं वाटेल. पण महिनाभर, दिवसरात्र तेवढं जास्त राहिलं की ओंबीत दाणा भरायच्या आत गहू पिकून जातो, दाणा बारीक राहतो. आणि तापमानाची सरासरी धरतात ती 1991 ते 2020 ची. ती वर्षं आधीच्यापेक्षा गरमच होती. म्हणजे आधीच तापलेल्या तव्याशी तुलना करून हे 'जास्त' निघालं.

एक शंका खूप जणी विचारतात. 30 जूनच्या रात्री पाऊस पडला आणि 1 जुलैला सकाळी मोजला, तर तो कुठल्या महिन्यात लिहायचा? जुलैत. ज्या सकाळी मोजला त्या तारखेला लिहायचा, खातंही तसंच लिहितं. मग महिन्याची बेरीज मारून आपल्या तालुक्याच्या त्या महिन्याच्या सरासरीशेजारी मांडा. ती सरासरी सहायक कृषी अधिकाऱ्याकडं मागा. गटाच्या हजेरी वहीची मागची पानं कोरी असतात, आम्ही तिथंच लिहितो.