थंडीची पहाट आणि दुचाकीची पकड

पौष-माघाच्या दिवसांत पहाटे घराबाहेर पडणारा मनुष्य आपल्या देहाची काळजी पुष्कळ घेतो. शिरस्त्राणाच्या आत कानटोपी, गळ्याभोवती मफलर, हातांत मोजे, असा त्याचा सरंजाम असतो. मोटारसायकलीचे इंजिन थंडीने कुरकुरू लागले, तर तेही तो क्षणभर चालू ठेवून उबेला आणतो. परंतु ज्या दोन वस्तूंवर त्याचा सारा भार, आणि खरे म्हणजे त्याचा जीवही, सोपविलेला असतो, त्या टायरांना थंडी बाधत असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही येत नाही. त्या टायरांविषयीच आज थोडे बोलावयाचे आहे.

ग्वाल्हेरकडे जानेवारीत पारा 5 अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो, असे दिवस दर हिवाळ्यात येतात. माळव्याच्या पठारावर इंदुरासही 10 अंशांच्या आतली पहाट नवीन नाही. बेळगावकडे थंडी तितकी कडक नसली, तरी दव भरपूर पडते. अशा पहाटे दूधवाला बाहेर पडतो, आपल्या दारात वर्तमानपत्र टाकणारा मुलगा बाहेर पडतो, सकाळच्या पाळीचा कामगार आणि सकाळच्या शाळेचे शिक्षक बाहेर पडतात. मुलाला मागे बसवून शाळेत पोहोचविणारे आईबापही असतात. हिवाळ्यातील पहिल्या दोनचार मैलांचा हा प्रश्न त्यांचा आहे.

टायरची पकड त्याच्यावरील नक्षीत असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः त्या खाचांचे मुख्य काम रस्त्यावरील पाणी बाजूस सारणे हे होय. कोरड्या धावपट्टीवरील शर्यतीत तर मुळीच खाचा नसलेले टायर वापरतात आणि तेच सर्वांत घट्ट धरतात. मग पकड येते कोठून? डांबरी रस्ता डोळ्यांना सपाट दिसला, तरी भिंगातून पाहिल्यास त्यावर असंख्य बारीक उंचवटे व खळगे दिसतात. मऊ रबर भाराखाली दबून त्या खळग्यांत शिरते, उंचवट्यांना बिलगते आणि पुढे ओढले जाताना ठिकठिकाणी वाकून विरोध करते. त्याखेरीज रबर आणि रस्ता यांचा अगदी निकट स्पर्श झाला, म्हणजे त्यांच्या रेणूंमध्येही काही आकर्षण निर्माण होते. या दोन्ही क्रिया घडावयाच्या, तर रबर लवचीक हवे. ते ताठर झाले की खळग्यांत पुरते शिरत नाही, वरच्यावर टेकून राहते. दुचाकीच्या प्रत्येक चाकाचा रस्त्याशी होणारा स्पर्श जेमतेम तळहाताएवढा असतो. त्या तळहाताएवढ्या जागेतच जे साधावयाचे ते साधावे लागते.

रबर आणि थंडी यांचे हे वैर जुने आहे. कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत कडक होऊन तडके. 1839 साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला गंधक व उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली. 1888 साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि रबर चाकांवर चढले. गंधकाने रबराचा स्वभाव पुष्कळ सुधारला, परंतु तो समूळ पालटला नाही. थंडीत आकसून मंद होण्याची त्याची खोड कायम राहिली.

या खोडीची किंमत एकदा साऱ्या जगाने पाहिली. 28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेत फ्लॉरिडा येथून ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान एका गारठलेल्या सकाळी सोडण्यात आले आणि 73 सेकंदांत नष्ट झाले. त्यातील सातही अंतराळवीर मृत्यू पावले. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कड्यांनी थंडीमुळे आपले काम वेळेवर केले नव्हते. पुढे चौकशी मंडळाचे एक सदस्य, पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडविला, आणि चिमटा काढल्यावर तो चटकन पूर्ववत होत नाही, हे सर्वांसमक्ष दाखविले. टायरचे रबर निराळ्या जातीचे असते आणि आपल्याकडील थंडीत ते काही काचेसारखे होत नाही. पण दबून पुन्हा चटकन उसळण्याचा जो गुण त्या कड्यांना हवा होता, तोच टायरलाही हवा असतो, आणि थंडीत कमी होतो तो नेमका हाच गुण.

टायरला ऊब मिळते ती चालण्याने. चाक फिरते तेव्हा टायरचा प्रत्येक भाग रस्त्यावर येताच दबतो व सुटताच फुगतो. या वारंवार होणाऱ्या दबण्या-फुगण्याने रबराच्या अंगात उष्णता उत्पन्न होते. तिला काही किलोमीटर जावे लागतात, आणि थंड वारा व थंड रस्ता ती उष्णता शोषीत असल्यामुळे हिवाळ्यात आणखी वेळ लागतो. वाटेत चहासाठी अर्धा तास थांबलो, तर सारे पुन्हा प्रारंभापासून. काही तरुण शर्यतीतील स्वारांचे पाहून गाडी नागमोडी चालवितात आणि टायर तापले असे मानतात. त्या डुलण्याने टायर फारसे तापत नाहीत, तोल जाण्याचा धोका मात्र वाढतो. सरळ रस्त्यावर बेताने वेग वाढविणे व बेताने ब्रेक लावणे, हाच त्याहून चांगला उपाय होय. शर्यतीच्या धर्तीचे महाग टायर बसविले म्हणजे आपण निर्धास्त झालो, असेही कोणी समजू नये. ते टायर जास्त उष्णतेसाठी बनविलेले असतात. गारठ्यात पहिल्या काही मैलांपुरते ते साध्या टायरांहूनही कमी भरवशाचे ठरू शकतात.

दुसरी गोष्ट हवेची. बंद टायरमधील हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. दुपारी 35 अंश उष्णतेत आपण 30 पौंड हवा भरली आणि पहाटे पारा 5 अंशांवर आला, तर कोठेही गळती नसताना तोच काटा सुमारे साडेपंचवीस पौंड दाखवील. उतरलेल्या हवेचा टायर वळणावर अंग टाकतो आणि गाडी जड चालते. याउलट थंडीत पकड वाढावी म्हणून मुद्दाम हवा कमी करणारेही भेटतात. हा उपाय घातक आहे. कंपनीने सांगितलेला आकडा गाडी चालविण्यापूर्वीच्या थंड टायरसाठी असतो, तेव्हा हवा सकाळीच पाहावी व त्या आकड्याइतकीच ठेवावी.

पकड कमी झाल्याने कितीसे बिघडते, असे कोणी विचारील. समजा, आपण ताशी 40 किलोमीटर वेगाने जात आहो. धोका दिसून हात ब्रेकवर जाण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी 11 मीटर पुढे जाते. नंतर उबदार टायर व कोरडा रस्ता असून घर्षणाचा गुणांक 0.8 धरला, तर गाडी आणखी 8 मीटरांत थांबते. थंड टायर व दवाने ओला रस्ता यांमुळे तोच 0.5 झाला, तर साडेबारा मीटर लागतात. म्हणजे साडेचार मीटर अधिक. धुक्यातून एकाएकी पुढे आलेली हातगाडी किंवा रस्ता ओलांडणारे मूल यांच्यापाशी हे साडेचार मीटर कोठून आणावयाचे?

भारतात 125 घनसेंटीमीटरांहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना 2019 पासून एबीएस यंत्रणा सक्तीची आहे. तिच्यामुळे चाक अडकून घसरत नाही, हा मोठाच लाभ आहे. पण ती असलेल्या पकडीचा नीट उपयोग करते, नसलेली पकड निर्माण करीत नाही. म्हणून पुढचा ब्रेक झटक्याने आवळू नये. प्रथम हलका दाब द्यावा, गाडीचा भार पुढच्या चाकावर येऊ द्यावा, मग दाब वाढवावा. वळणात ब्रेक लावण्याऐवजी वळणाआधीच वेग उतरवावा, कारण तेवढ्याच पकडीतून वळणे व थांबणे ही दोन्ही कामे भागवावी लागतात. झाडांच्या सावलीतील रस्ता, खालून-वरून वारा लागणारे पूल, रंगवलेले पांढरे पट्टे आणि चौकात सांडलेले तेल, या जागा दवाच्या दिवसांत विशेष निसरड्या असतात, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी टायरच्या वयाविषयी. वर्षे लोटली की नक्षी शाबूत असूनही रबर कडक होत जाते, आणि अशा टायरला थंडी अधिकच बाधते. टायरच्या बाजूस चार आकडे कोरलेले असतात. 2423 असे असल्यास तो 2023 सालच्या चोविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. अगदी नवा टायरही प्रथम गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर त्यालाही सांभाळून घ्यावे लागते.

हे सारे करावयास फारसा पैसा लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि थंडीच्या पहाटे अंथरुणातून उठताना नेमका तोच आपण गमावलेला असतो. उशीर झालेला मनुष्य गार टायरांवर पहिल्याच मैलात वेग घेतो, आणि पहिल्या मैलातच ती चाके त्याला साथ देण्यास सर्वांत कमी समर्थ असतात. तेव्हा हिवाळाभर घरातून दहा मिनिटे आधी निघावे, हवा पाहावी आणि पहिले चार-पाच किलोमीटर सावकाश जावे. घरातील तरुणांच्या कानांवरही एवढे अवश्य घालावे.