कुशीवर वळवा

रात्री उशिराच्या कर्जत लोकलने विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठेही उतरा. पुलाच्या पायऱ्यांपाशी एखादा माणूस उताणा पडलेला दिसतो. एक चप्पल पायात, दुसरी दोन पायऱ्या खाली. आपण म्हणतो, 'टाइट आहे, झोपू दे', आणि रिक्षाच्या रांगेकडे वळतो. मी आयुष्यभर परिचारिका म्हणून रात्रपाळ्या केल्या, म्हणून सांगते: ती झोप असेलच असं नाही.

भाताखालचा गॅस बंद केला म्हणून भात शिजायचा थांबतो का? झाकणाखाली वाफेवर शिजतच राहतो. शेवटचा पेला खाली ठेवला तरी पोटातली दारू तशीच रक्तात चढत राहते. मघाशी शिव्या देणारा माणूस थोड्या वेळाने हाकेला ओ देईनासा होतो. उताणा असताना ओकला, तर ओकारी श्वासनलिकेत जाते. भाताचं झाकण आपण उचलून बघतो ना? इथे झाकण उचलणं म्हणजे हाक मारणं, खांदा हलवणं, श्वास बघणं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

पोलिसांनी उचलून नेला तर? भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ म्हणतं, सार्वजनिक जागी नशेत त्रास दिला तर २४ तासांपर्यंत साधी कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा. १९४९चा दारूबंदी कायदा आहेच. दोन्ही दारं शिक्षेची. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मात्र वेगळं दार आहे. मनोरुग्ण वाटणारा, स्वतःला सांभाळू न शकणारा माणूस भटकताना दिसला, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यावं, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यावं, कोठडीत ठेवू नये. दारूच्या व्यसनातून आलेला मनोविकारही त्या कायद्यात आजारच. पण एकाच रात्री भलतंच पिऊन पडलेल्याचं काय? त्याच्यासाठी ना गुन्हेगाराची, ना रुग्णाची, अशी राखणीची खोली नाही. रशियात 'तुला' नावाच्या शहरात एका डॉक्टरांनी १९०२ साली अशी जागा उघडली होती.

राखण, शिक्षा नव्हे. पुन्हा सांगते, राखण.

एकदा पहाटे एकाला आमच्याकडे आणलं. रात्रभर कोठडीत 'झोपला' होता. तोंडाला वास, म्हणून डोकं कुणी चाचपलंच नव्हतं. कानामागे केसांत रक्त सुकलेलं, उजव्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा मोठी. तो पिऊन जिन्यावरून पडला होता. दारूच्या वासाने डोक्याचा मार झाकला. रक्तातली साखर उतरलेलीसुद्धा अशीच झाकली जाते.

राखणीची खोली म्हणजे एवढंच: उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या जागी चार खाटा, जागं राहणारा एक माणूस, साखर तपासायचं यंत्र. रेल्वे पोलिसांनी थेट तिथेच आणायचं. खर्च कुणी करायचा, घरच्यांना केव्हा कळवायचं, हे सगळं बोलायचं होतं, पण वेळ संपत आली.

तेवढी खोली होईपर्यंत, आज रात्री तो पायऱ्यांपाशी दिसला तर कुशीवर वळवा, १०८ला फोन करा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिथेच थांबा. हाक मारत राहा.