नायजेरियातील डॉक्टर आणि पैसे भरण्याची खिडकी



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून लागलो आणि गेली तीस वर्षे इस्पितळांतल्या कामगारांची संघटना बांधतो आहे. तेव्हा नायजेरियातल्या डॉक्टरांवर हा गृहस्थ काय बोलणार, असा प्रश्न आपल्याला पडला असेल तर तो रास्तच आहे. मी त्या देशात गेलेलो नाही. परंतु २०१८ साली इबादान शहरातला एक तरुण सरकारी डॉक्टर आपल्या मामाला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईस घेऊन आला होता. आमच्या कचेरीखालच्या खानावळीत तो रोज रात्री जेवायला येई. त्याचे इंग्रजी उत्तम, माझे मोडके. पण इस्पितळाची भाषा दोघांची एकच होती. अकरा रात्री आम्ही बोललो. त्यानंतर त्या देशाविषयी जे जे हाती लागले ते मी वाचत आलो आहे. आज सांगणार आहे ते त्या अकरा रात्रींचे आणि त्या वाचनाचे.

त्याने पहिल्याच रात्री एका मुलाची हकीकत सांगितली. सात-आठ वर्षांचा मुलगा, विषमज्वराने आतड्याला भोक पडलेले, पोट फळीसारखे कडक. हा आजार तिकडे नवलाचा नाही. शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली पाहिजे, हे डॉक्टरला ठाऊक, नर्सला ठाऊक. पण वॉर्डात हातमोजे नाहीत, टाक्यांचा दोरा नाही, सलाइनची बाटली नाही. डॉक्टर काय करतो? कागदावर यादी लिहितो आणि बापाच्या हातात देतो. बाप मोटारसायकलवर उतारू वाहणारा. तो आधी पैसे भरण्याच्या खिडकीशी जातो, तिथून औषधाच्या दुकानाशी, तिथून भावाच्या घरी उसने मागायला. रक्त लागले तर त्याच्या बदल्यात रक्त देणारे नातेवाईक गोळा करावयाचे. इकडे मुलाचे पोट फुगत चाललेले आणि शिकलासवरलेला शस्त्रवैद्य हात बांधून उभा. वीज गेली तर मोबाइलच्या उजेडात उभा. हे मी रंगवून सांगत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीपासून सुमारे शंभर दिवस इबादानचे विद्यापीठ रुग्णालय, १९५७ साली नव्या इमारतीत उभे राहिलेले त्या देशातले नामांकित रुग्णालय, थकलेल्या बिलापायी विजेवाचून होते.

त्या रात्री त्याने आणि त्याच्या जोडीदारांनी आपल्या खिशातून पैसे घातले. पगाराच्या दिवशी प्रत्येकाने थोडे थोडे टाकावयाचे, असा एक डबाच त्यांनी ठेवला होता. मुलगा जगला. मी म्हटले, छान झाले. तो म्हणाला, "डबा रिकामा झाला. दुसऱ्या रात्री तसाच मुलगा आला."

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. नायजेरियाच्या २०१४ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्यात असे स्पष्ट लिहिले आहे की, तातडीचा रोगी कोणत्याही कारणास्तव परत पाठवता येणार नाही. पाठवला तर एक लाख नायरा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. २०१७ साली आणखी एक कायदा झाला, की बंदुकीची गोळी लागलेल्या माणसावर पोलिसांच्या कागदाची वाट न पाहता उपचार करावेत. पूर्वी त्या कागदाच्या पायी माणसे दारात मरत. दोन्ही कायदे चांगले, मी त्यांच्या बाजूचा आहे. परंतु २०१४ च्या त्याच कायद्यात असेही होते की, केंद्र सरकारच्या महसुलाचा किमान एक टक्का मूलभूत आरोग्यसेवेसाठी बाजूला काढावा. तो पैसा अर्थसंकल्पात पहिल्यांदा आला तो २०१८ साली. म्हणजे डॉक्टरचा गुन्हा लागू झाला आधी आणि हातमोज्यांचा पैसा चार वर्षांनी! २००१ साली अबुजा येथे आफ्रिकेतल्या राष्ट्रांनी आपल्या अर्थसंकल्पाचे शेकडा पंधरा आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले होते. ज्या देशाच्या राजधानीत ते वचन दिले गेले, त्या देशाने ते एकदाही पाळलेले नाही. आरोग्यावर जो खर्च होतो त्यातला शेकडा सत्तराहून अधिक रोग्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे असल्या हिशेबाला चटकन ओळखतो. मालकाची तूट कामगाराच्या सचोटीने भरून काढण्याचा हा जुना रिवाज आहे.

दुसरी गोष्ट सांगतो, तिच्यात आमचा दोघांचा थोडा खटका उडाला. पोट फाडून बाळंत झालेली बाई बरी होते, डॉक्टर तिच्या घरी जाण्याच्या कागदावर सही करतो, पण बिल भरलेले नसते म्हणून इस्पितळ तिला सोडत नाही. आठवडेच्या आठवडे ती तान्ह्या मुलासह तिथेच राहते. रोगी नाही, पाहुणी नाही, कैदीही नाही म्हणे. माझा मित्र म्हणाला, "अशी एखादी बाई पहाटे निघून जाताना दिसली, तर मी पाठ फिरवून उभा राहतो." त्याला ही आपली माणुसकी वाटत होती, आणि ती होतीच. पण मी विचारले, "मग ते बिल कोणाच्या पगारातून कापतात?" तो गप्प झाला. फाटकावरच्या रखवालदाराच्या आणि रात्रपाळीच्या नर्सच्या. तोवर त्याच्या हे ध्यानातच आले नव्हते. मी त्याला दोष देत नाही. डॉक्टरच्या नीतीची पुस्तके डॉक्टर आणि रोगी या दोघांपुरतीच लिहिलेली असतात, फाटकावरचा माणूस त्यांत नसतो.

आता २०१४ सालचा तो उन्हाळा, म्हणजे तिकडचा पावसाळा. १ जुलैपासून सरकारी डॉक्टरांचा देशव्यापी संप चालू होता. २० जुलैला लायबेरियाहून पॅट्रिक सॉयर नावाचा एक अधिकारी लागोसच्या विमानतळावर आजारी होऊन उतरला. सरकारी इस्पितळे बंद, म्हणून त्याला एका खाजगी इस्पितळात नेले. मलेरिया म्हणून उपचार सुरू झाले. तिथल्या वरिष्ठ डॉक्टर अमेयो स्टेला अडाडेवो यांना वेगळाच संशय आला. परिषदेसाठी त्याला सोडा, असा लायबेरियाकडून दबाव आला. बाईंनी साफ नकार दिला. रोगी इबोलाचा निघाला. २५ जुलैला तो मेला आणि १९ ऑगस्टला बाई गेल्या. राष्ट्रीय चळवळीतले हर्बर्ट मॅकॉले हे त्यांचे पणजोबा. सबंध देशात त्या साथीत वीस जणांना लागण झाली, आठ दगावले, आणि २० ऑक्टोबरला देश साथमुक्त जाहीर झाला. दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या लागोसमध्ये तो मनुष्य मोकळा फिरला असता तर काय झाले असते, याची कल्पना करा. त्या आठांत त्याच इस्पितळातल्या शुश्रूषा करणाऱ्या इतर स्त्रियाही होत्या. त्यांची नावे कमी घेतली जातात, म्हणून मी मुद्दाम उल्लेख करतो.

काही लोक म्हणतात, संप होता म्हणून तो रोगी गर्दीच्या सरकारी वॉर्डात गेला नाही, म्हणजे संपानेच लागोस वाचवले. मला हा युक्तिवाद घेता आला असता, संपवाल्याला तो गोडही लागतो. मी तो घेत नाही. संपाने ते ठरवून केले नव्हते. ठरवून केले ते एका बाईने. आणि त्याच जुलैत किती आया बंद दारावरून परत गेल्या, त्याचा हिशेब त्या युक्तिवादात नाही. सरकारने काय केले, तर साथ ऐन भरात असताना ऑगस्टच्या मध्यावर सोळा हजार निवासी डॉक्टरांना काढून टाकल्याचे फर्मान काढले! २४ ऑगस्टला डॉक्टरांनीच संप आवरता घेतला.

संप पुढेही झाले. २०२१ साली करोनाच्या काळात दोन महिने चालला. तो चालू असतानाच अबुजाच्या एका हॉटेलात सौदी अरेबियातल्या नोकऱ्यांसाठी डॉक्टरांची झुंबड उडाली आणि सरकारच्या गुप्त पोलिसांनी ती उधळली. २०२५ च्या नोव्हेंबरातही संप जवळजवळ महिनाभर होता. थकलेले पगार, तुटपुंजे भत्ते, माणसांची वाण, मागण्या त्याच त्या. पाच ते सात वर्षांत सोळा हजार डॉक्टर देश सोडून गेले, असे त्या देशाच्या आरोग्यमंत्र्यांनीच २०२५ मध्ये सांगितले. योरुबा भाषेत या पळून जाण्याला 'जापा' म्हणतात. पाच वर्षे देशात काम केल्यावाचून पूर्ण परवाना नाही, असे विधेयक २०२३ मध्ये आले, त्यावर डॉक्टर पुन्हा भडकले. वेठबिगारीने वॉर्ड भरतील, असे मला तरी वाटत नाही.

माझ्या मित्राने दहाव्या रात्री मला सरळ विचारले, "तू संप करवतोस. रोगी मेला तर?"

मी त्याला आमची गोष्ट सांगितली, आणि तुम्हालाही सांगतो, कारण ती लपवून या विषयावर बोलणे मला शोभणार नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका मोठ्या इस्पितळात आम्ही नऊ दिवसांचा संप केला. कंत्राटी कामगारांचा चार महिन्यांचा पगार अडला होता. मागणी शंभर टक्के न्याय्य होती, आजही म्हणेन. पाचव्या दिवशी एक माणूस आपल्या आईला हातगाडीवर घालून आला, कारण रुग्णवाहिकेचे चालक आमच्याबरोबर बसले होते. त्याने शिवी दिली नाही. माझ्या छातीवरचा लाल बिल्ला पाहून एवढेच विचारले, "मामा, कोणत्या दाराने आत नेऊ?" मी उठलो आणि गाडीला हात लावला. माझेच सोबती ओरडले, मला फितूर म्हणाले. ती बाई तिसऱ्या दिवशी गेली. संप नसता तर जगली असती का, हे कोणी डॉक्टर मला सांगू शकला नाही. पुढच्या प्रत्येक संपात तातडीच्या वॉर्डाची आणि रुग्णवाहिकेची माणसे आम्ही आधी नेमतो, त्यांची यादी फाटकावर लावतो. व्यवस्थापन त्याच यादीकडे बोट दाखवून म्हणते, काम तर चालले आहे, मग तुमची मागणी कशाला ऐकावी? संप त्यामुळे लांबतो, हेही खरे. दोन्ही मी पाहिले आहे.

मित्राने जेवण अर्धे ठेवले. म्हणाला, आमच्याकडे यादी लावायची तर त्या यादीतल्या माणसाच्या हातात हातमोजे कोण देणार?

२०२२ साली तोही गेला. आता तो इंग्लंडमध्ये आहे. २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या कनिष्ठ डॉक्टरांनी संप केला, तेव्हा त्याचा फोन आला. तोही संपावर होता. सांगत होता, तातडीचा विभाग वरिष्ठ डॉक्टर सांभाळत आहेत, सामान जागच्या जागी आहे, आपण रस्त्यावर फलक घेऊन उभे आहोत आणि रात्री झोप लागते आहे. बराच वेळ बोलला. मग मध्येच त्याने विचारले, हातगाडीवरच्या त्या बाईचे नाव काय होते?

मला ते ठाऊक नव्हते. मी तेव्हा विचारलेच नव्हते.