रुग्णालाही विचारा



आम्ही बँकेतले कारकून. वैद्यकशास्त्राचे जाणकार नव्हे. पण खातेवहीने आम्हांला एक शिकवले : ज्याला रकाना नाही, त्याची नोंद होत नाही.

आमच्या मातोश्रींना आमवात होता. "सांधे दुखतात ते सोसेन, पण अंगात त्राणच राहत नाही," असे त्या म्हणत. केसपेपरवर ते कधी उतरले नाही.

औषधांच्या चाचण्यांतही तसेच होते. सुजलेले सांधे मोजत, रक्त तपासत, वेदना किती हेही विचारत. थकव्याला मात्र रकाना नव्हता. काय मोजावे हे ठरविण्यासाठी १९९२ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे 'ओमेरॅक्ट' परिषद सुरू झाली. २००२ साली तिने रुग्णांनाच चर्चेस बोलावले. थकव्याचा प्रश्न त्यांनी पुढे आणला. २००६ साली परिषदेने ठरविले की, आमवाताच्या चाचण्यांत शक्य तेथे थकवाही मोजावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी आमच्यासारखा टेबलामागे बसेल. रकाने आखण्यापूर्वी, ज्याचे दुखणे आहे त्याला आधी विचारा.