नर्मदेवरची बोट का थरथरते?

2019 मध्ये सरदार सरोवर प्रथमच 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या अनेक पाड्यांना आता पाणी हीच वाट. दवाखानाही बोटीतूनच येतो! म्हणून इथं डिझेल इंजिन अडखळलं, तर दोष लवकर सापडायलाच हवा.

आधी बोट सुरक्षित बांधून गिअर न्यूट्रलला घ्यावा. इंजिन लगेच शांत झालं, तर संशय बहुधा पाण्यातल्या पंख्यावर किंवा त्याच्या शाफ्टवर. जलाशयात बुडालेली झाडं आहेत, जाळीही अडकतात.

न्यूट्रलमध्येही धक्के बसत असतील, तर धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा आत शिरलेलं पाणी.

मग जाणकार मेकॅनिक मंद गतीवर एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल करतो. आवाज बदलला नाही, तर तोच सिलिंडर काम करत नाही. डिझेलचा फवारा कातडीत घुसतो, हात दूरच ठेवावा.

पावसाळ्यात मात्र पहिली शंका डिझेलमधल्या पाण्याची घ्यावी. फिल्टरखालचा स्क्रू उघडून तळाचं पाणी काढावं, आणि नंतर हातपंपानं नळीतली हवा.