बाया कर्वे : ‘पतिपरायण’ या शब्दापलीकडे

(महिला मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

२९ नोव्हेंबर हा बाया कर्वे यांचा स्मृतिदिन. १९५० साली त्या गेल्या. कागदोपत्री नाव आनंदीबाई, माहेरचे नाव गोदूबाई जोशी, आणि सगळ्यांच्या तोंडी ‘बाया’. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी, तीन मुलांच्या आई, अनेक नातवंडांच्या आजी. आपल्याकडे बाई गेली की वर्तमानपत्रात एक ठरलेला मजकूर येतो : पतिपरायण, कुटुंबवत्सल, सोशिक. बायांबद्दलही असे लिहिता येईल आणि ते खोटे ठरणार नाही. पण एवढ्यावर थांबलो तर बाया आपल्या हाती लागत नाहीत. आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

गोदूबाई कोकणातल्या देवरुखच्या. लहानपणी लग्न झाले आणि तीनच महिन्यांत त्या विधवा झाल्या. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत! नंतरची किती तरी वर्षे सासरच्या घरी राबण्यात गेली. केशवपन झाले. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायद्याने दार उघडले तरी उंबरा ओलांडायला समाज परवानगी देत नाही, हे आपण आजही पाहतो. शिवाय त्या कायद्यात एक मेख होती. पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जात असे. म्हणजे नवा संसार हवा तर रिकाम्या हाताने यायचे.

भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होते. त्यांच्यामुळे गोदूबाई मुंबईला आल्या. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केले, त्या शाळेतल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ज्या वयात त्या काळच्या बायकांना सुना येत, त्या वयाकडे झुकलेल्या या बाईने हातात पाटी घेतली. भावाचे स्नेही धोंडोपंत कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. पदरी मुलगा रघुनाथ. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा धोंडोपंतांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. शाळेत पाऊल टाकले तीच तारीख, बरोबर चार वर्षांनी.

लग्नानंतर जोडपे मुरूडला गेले, तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. कर्वे ज्या बैठकीत असतील तिथे कुणी बसायचे नाही, घरच्यांनी त्यांना जवळ केले तर तेही वाळीत. मैत्रिणींनो, इतिहासात या प्रसंगाला ‘कर्व्यांवरील बहिष्कार’ म्हणतात. पण बहिष्कृत घरातला दिवस कसा जातो, हे त्या घरातल्या बाईला विचारावे. पाणवठ्यावर, हळदीकुंकवाला, बाळंतपणात एकटी पडते ती बाईच.

पुढे १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून तो तिथे नेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून ते चालत हिंगण्याला जात. शिल्लक टाकलेला पैसा आश्रमाला दिला, आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली. आपण हे वाचतो आणि हात जोडतो. जोडायलाच हवेत. पण विम्याची पॉलिसी कुणासाठी असते? नवऱ्याच्या मागे बायकोमुलांनी उघड्यावर पडू नये म्हणून. एकदा विधवेचे जिणे भोगलेल्या बाईला त्या कागदाची किंमत काय वाटत असेल, याचा विचार करून पाहा. त्याग एकाच्या नावावर लिहिला गेला, तो केला मात्र दोघांनी.

आणखी एक अवघड गोष्ट. विधवाश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, असे कर्व्यांचे धोरण होते. नाहीतर घाबरून कुणी मुली पाठवल्या नसत्या. धोरण म्हणून ते शहाणपणाचे असेल. पण त्यामुळे पुनर्विवाह केलेल्या बायांनाच त्या कामात सुरुवातीला मोकळेपणाने जागा नव्हती. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, निधीसाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. बाया मात्र उंबऱ्याच्या अलीकडे.

मग बायांनी काय केले? रडत बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन सुईणीचे, परिचारिकेचे शिक्षण घेतले. पतीची मिळकत संस्थेकडे वाहते आहे, तर संसाराला स्वतःच्या हाताचा आधार हवा, हे त्यांनी ओळखले. शंकर, दिनकर, भास्कर ही तीन मुले वाढवली. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले, दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, भास्करांनी हिंगण्याच्या संस्थेला वाहून घेतले. सावत्र मुलगा रघुनाथ म्हणजे संततिनियमनासाठी झगडणारे, ‘समाजस्वास्थ्य’ चालवणारे र. धों. कर्वे. थोरली सून मालतीबाई, मधली इरावतीबाई. नाती जाई निंबकर आणि गौरी देशपांडे. एका घरातून इतकी माणसे उभी राहतात तेव्हा ते घर कुणीतरी धरून ठेवलेले असते.

या घरात एक मोलाची गोष्ट घडली. बायांच्या आठवणी कावेरी कर्वे यांनी, म्हणजे भास्करांच्या पत्नीने, संपादित केल्या. ‘माझे पुराण’ हे ते पुस्तक, १९४४ साली आले. सासूचे बोलणे सुनेने जपले! सासू-सुनेच्या भांडणांच्या मालिका आपण चवीने पाहतो, पण असे नातेही आपल्याच परंपरेत आहे. पुढे दिनकररावांनी आईच्या आठवणी इंग्रजीत आणल्या, १९६३ च्या पुस्तकात त्या जगापुढे गेल्या. त्याच पुस्तकात इरावतीबाईंनी सासऱ्यांवर लिहिताना, आपण त्यांची सून झालो हे भाग्य आणि बायको झालो नाही हे त्याहून मोठे भाग्य, अशा आशयाचे म्हटले आहे. त्यात सासऱ्यांचा अनादर नाही. सासूने काय उचलले, याची ती पावती आहे.

आता आपल्याकडे येऊ. समुपदेशन केंद्रात माझ्यासमोर साठी-सत्तरीच्या बायका बसतात. ‘तुम्ही काय काम करता?’ असे विचारले की बहुतेकींचे उत्तर येते, ‘काही नाही, घरीच असते.’ सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणारी बाई बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते, आणि घरकाम करणारा पुरुष ८८. जवळजवळ पाच तासांचे ‘काही नाही’!

चळवळीतल्या तरुण मैत्रिणी मला विचारतात, नवऱ्यासाठी, मुलांसाठी जगलेल्या बाईचे आपण कौतुक करायचे का? त्याने पुन्हा तोच आदर्श मुलींच्या गळ्यात पडणार नाही का? प्रश्न खरा आहे. माझे म्हणणे असे, की निष्ठेचे कौतुक करावे, पण हिशेब मांडून. तिने काय दिले तेही सांगावे आणि तिच्याकडून काय घेतले गेले तेही सांगावे. नुसते कौतुक केले की शोषण झाकले जाते. आणि नुसते शोषण सांगितले की तिची हुशारी, तिचा विनोद, तिने हिकमतीने काढलेल्या वाटा पुसल्या जातात. बाया बळी नव्हत्या आणि देवीही नव्हत्या. कष्टाळू, शहाण्या, आपले म्हणणे असलेल्या बाई होत्या.

म्हणून एक काम सुचवते. प्रत्येकीने घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईजवळ बसावे. आई, सासू, आजी, मावशी, कुणीही. तिला विचारावे : तुझे माहेरचे नाव काय? शाळा का सुटली? हाती पहिला पैसा कधी आला? घर कुणाच्या नावावर आहे? तुला काय करायचे होते? ती सांगेल तसे, तिच्याच भाषेत लिहून घ्यावे. लिहिता येत नसेल तर नातीला लिहायला बसवावे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावणे आवश्यक झाले आहे. नाव आले, चांगलेच झाले. आता त्या नावामागची हकिगतही येऊ द्या.

आणि हे ती असताना करा. शोकसभेत नव्हे.